बर्ग स्ट्रिपच्या उंचीचा हिशेब

घरातील धान्याच्या कोठीतले तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे एक छोटे यंत्र मी नुकतेच बांधले. त्यासाठी घेतलेल्या डबीची आतील उंची २० मिलिमीटर होती आणि यंत्र चालवणारा रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड जेमतेम १ मिलिमीटर जाडीचा असल्यामुळे जागा पुरेल, असे मी धरून चाललो होतो. जुळणी झाल्यावर मात्र झाकण बसेना.

पिको मी बर्ग स्ट्रिपने, म्हणजे एका ओळीतल्या पिनांच्या जोडपट्टीने, खालच्या बोर्डावर बसवली होती; फिमेल पट्टीच्या छिद्रांत मेल पट्टीच्या पिना बसतात. मोजमाप केल्यावर कारण कळले. नेहमीच्या फिमेल बर्ग स्ट्रिपची उंची साधारण ८.५ मिलिमीटर असते आणि त्यावर मेल स्ट्रिपचे सुमारे २.५ मिलिमीटर प्लॅस्टिक येते, म्हणजे निव्वळ जोडणीनेच ११ मिलिमीटर व्यापले. त्यात खालचा बोर्ड १.६, त्याच्या पाठीवरचे सोल्डर (जोडणीसाठी वितळवलेला मिश्रधातू) २, पिको १ आणि तिच्यावरचे यूएसबी सॉकेट ३ मिलिमीटर धरले, की १८.६ होतात. ५ मिलिमीटर जाडीची लिथियम बॅटरी अजून ठेवायचीच होती. पिकोखालच्या पोकळीत ती सरकवावी म्हटले, तर पिनांच्या दोन ओळींमध्ये १७.७८ मिलिमीटर अंतर आणि बॅटरीची रुंदी ३०.

बोर्ड थेट सोल्डर करणे हा सर्वांत बुटका उपाय खरा, कारण पिकोच्या कडांना त्यासाठीच अर्धगोल खाचा दिलेल्या आहेत. परंतु प्रयोगाच्या यंत्रातील बोर्ड काढता आलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे; सोल्डरचे चाळीस टाके उकलताना तांब्याचे पॅड (बोर्डावरचे जोडणीचे ठिपके) उखडण्याची भीती असते. ५ मिलिमीटर उंचीची फिमेल स्ट्रिपही मिळते, मात्र नेहमीच्या मेल स्ट्रिपची ६ मिलिमीटर लांबीची पिन तीत पूर्ण बसत नाही. ती कापावी लागते, आणि कापलेल्या टोकाची धार कानशीने घासली नाही, तर आतला संपर्क खरवडला जातो.

म्हणून मी गोल पिनांची स्ट्रिप निवडली. आयसीच्या (चिपच्या) चांगल्या सॉकेटमध्ये असतात तसेच कातीव संपर्क तिच्यात असतात आणि प्रत्येक छिद्रातील स्प्रिंगची बोटे पिनेला चहूबाजूंनी धरतात. माझ्याकडील जोडीची उंची साधारण साडेसहा मिलिमीटर भरली, त्यामुळे बॅटरीसह एकूण उंची १९.१ झाली. बॅटरी खालच्या बोर्डाखाली येत असल्याने सोल्डरची टोके कापून गुळगुळीत केली आणि मध्ये जाड इन्सुलेशन पेपर ठेवला. लिथियम बॅटरीला टोक टोचले तर आग लागू शकते, येथे हयगय नको.

या स्ट्रिपमध्ये नेहमीची चौकोनी पिन मात्र कधीही घालू नये. तिची बाजू ०.६४ मिलिमीटर आणि कर्ण सुमारे ०.९ मिलिमीटर असतो, तर गोल पिन साधारण ०.५ मिलिमीटर व्यासाची असते. चौकोनी पिन एकदा जरी रेटली, तरी स्प्रिंग फाकते आणि नंतर गोल पिन सैल बसून संपर्क अधूनमधून तुटू लागतो. असा दोष शोधणे फार जिकिरीचे असते.

बारीक पिन पिकोच्या मोठ्या छिद्रात डुगडुगते. त्यासाठी मेल स्ट्रिप फिमेलमध्ये बसवून, पिको वर ठेवून, प्रथम चार कोपऱ्यांचे टाके द्यावेत, ओळी सरळ आहेत याची खात्री करावी आणि मगच उरलेल्या पिना सोल्डर कराव्यात. फ्लक्स (सोल्डर नीट पसरावे म्हणून लावायचा पदार्थ) बेताचाच लावावा, कारण तो पिनेवरून ओघळून सॉकेटात उतरू शकतो. बोर्ड काढताना दोन्ही टोके आळीपाळीने थोडी थोडी उचलावीत, अन्यथा शेवटच्या पिना वाकतात.