रब्बी नसलेल्या सिनेगॉगमध्ये मोठा कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, बघायला आलेले पाहुणे, ऑफिसातल्या मैत्रिणी, शेजारचे काका, सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून तोच असतो: "तुमच्याकडे रब्बी नाही म्हणता, मग धर्माचं ठरवतं कोण? तुमच्यात मोठा कोणाला मानायचं?"

प्रश्न रास्त आहे. रब्बी म्हणजे यहुदी धर्मगुरू. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. अलिबागकडच्या गावांत आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. कित्येक पिढ्या त्यांच्याजवळ तोराची, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांची, गुंडाळी नव्हती की हिब्रू पुस्तकं नव्हती. शब्बाथ (शनिवारची विश्रांती), सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शमा इस्राएल' ही प्रार्थना, एवढं मात्र त्यांनी सोडलं नाही. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत आमचं पहिलं सिनेगॉग बांधलं. मग कोचीनचे यहुदी शिक्षक आले, त्यांनी हिब्रू प्रार्थना शिकवल्या. 1846 मध्ये वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हग्गादा मराठीत छापून निघाला. रब्बी मात्र आमच्यात परंपरेने नव्हतेच. प्रार्थना हज्जान चालवायचा, कारभार मुकादम आणि चौगुला बघायचे.

तेव्हा आमच्यात मोठा कोण, याचं उत्तर मला पदांच्या यादीत सापडलं नाही. ते तोरा आणि तालमूद (जुन्या रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ) वाचताना सापडलं. मोठा तो, जो मोठा झाल्यावरही शिकणाऱ्यांच्या रांगेतून उठून जात नाही. आमच्या परंपरेत नम्रतेशिवाय ना पुढारीपण टिकतं ना विद्या, असं मी म्हणते ते याच अर्थाने.

इस्राएलींना इजिप्तमधून बाहेर काढणाऱ्या मोशेचं नाव काढलं की लोकांना दुभंगलेला समुद्र आठवतो. मला गणना या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय आठवतो. वचनदत्त देशातल्या जमिनीची वाटणी ठरते आहे आणि पाच बहिणी पुढे येतात: महला, नोआ, हाग्ला, मिल्का आणि तिरसा. वडील सलाफहाद रानात वारले, मुलगा नव्हता. वाटणी पुरुषांच्या नावाने. मोशे, याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहून त्या विचारतात, मुलगा नव्हता म्हणून आमच्या वडिलांचं नाव कुळातून का नाहीसं व्हावं? आम्हालाही वतन द्या.

आता मोशे कुठल्या जागी होता ते बघा. सीनाय पर्वतावर नियमशास्त्र त्याच्याच हाती आलं. 'नियम असा आहे, घरी जा' असं म्हणायला त्याला कोणी अडवलं नसतं. तो निवाडा देत नाही. त्या मुलींचा प्रश्न घेऊन तो देवापुढे जातो, आणि उत्तर येतं की सलाफहादाच्या मुली बरोबर बोलत आहेत. तिथून नियमच ठरला: मुलगा नसेल तर वतन मुलीकडे जावं. अख्ख्या जमावासमोर 'मला विचारून यावं लागेल' असं वागून दाखवणं हे मला समुद्र दुभंगण्यापेक्षा कमी वाटत नाही. एक स्त्री म्हणून तर मुळीच नाही.

त्याच पुस्तकात एलदाद आणि मेदाद हे दोघं छावणीतच संदेश सांगू लागतात, मोशेच्या मंडपाजवळ न येता. एक तरुण धावत येऊन ते सांगतो, आणि मोशेचा सेवक यहोशवा म्हणतो, त्यांना आवरा. मोशे म्हणतो, माझ्या मानासाठी तुला हेवा वाटतो का? परमेश्वराची सगळी प्रजाच संदेष्टे झाली असती तर किती बरं झालं असतं! लगेच पुढच्या अध्यायात सख्खी भावंडं, मिर्याम आणि अहरोन, त्याच्याविरुद्ध बोलतात. पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा मोशे नम्र होता हे वाक्य तोरामध्ये नेमकं इथे आहे, घरच्यांनीच नावं ठेवली तिथे. तो स्वतःची बाजू मांडत नाही. मिर्यामला कोड फुटल्यावर तिच्यासाठी प्रार्थना करतो, हिब्रूत पाच शब्दांची.

राजाचाही नियम याच धाटणीचा आहे. तोराच्या 'अनुवाद' या पुस्तकात सांगितलंय की राजाने घोडे, बायका, सोनंनाणं वाढवू नये. त्याने तोराची प्रत लिहून घ्यावी, ती जवळ ठेवावी आणि आयुष्यभर रोज वाचावी, म्हणजे आपल्या भाऊबंदांपुढे त्याचं मन उन्मत्त होणार नाही. राज्य करायचं तर आधी रोज वाचायला बसायचं.

आता शिकण्याकडे येते, कारण मला जास्त ओढ त्याची आहे.

आमच्याकडे तोरा एकट्याने मुकाट वाचण्याची रीत नाही. दोघांनी बसायचं, मोठ्याने वाचायचं, वाद घालायचा. अशा जोडीला हवरूता म्हणतात. माझी जोडीदारीण दुसऱ्या शहरात असते, आम्ही फोनवर शिकतो. या अभ्यासात मला सगळ्यात आत शिरलेली गोष्ट तालमूदच्या एरुविन या भागातली आहे. हिल्लेल आणि शम्माय या दोन गुरूंची दोन घराणी. तीन वर्षं त्यांचा वाद चालला, दोघंही म्हणत, नियम आमच्या मताप्रमाणे आहे. शेवटी आकाशवाणी झाली की हीही आणि तीही जिवंत देवाचीच वचनं आहेत, पण नियम हिल्लेलच्या घराण्याप्रमाणे. तालमूद तिथे थांबत नाही, विचारतो: दोन्ही जर देवाचीच वचनं, तर हिल्लेलवाल्यांना हा मान कशासाठी? ते जास्त हुशार होते असं उत्तर येत नाही. ते सौम्य होते, अपमान सोसणारे होते, आपल्या मतांबरोबर शम्मायवाल्यांची मतंही शिकवत आणि आपल्या आधी त्यांचं मत सांगत, असं उत्तर येतं.

'आधी त्यांचं मत सांगत' हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात करून बघा. समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की त्याने स्वतः मान डोलवावी, आणि त्यानंतर आपलं. आम्ही दोघी हा नियम पाळतो. तिचं म्हणणं मी सांगायचं, ती 'हो, हेच' म्हणाली की मगच माझं तोंड उघडायचं. कितीदा तरी तिचं म्हणणं नीट मांडता मांडता मला माझ्याच मतातली फट दिसते. म्हणून मी नम्रतेला निव्वळ चांगल्या वळणाची गोष्ट समजत नाही. तिच्याशिवाय अभ्यास नीट होतच नाही.

तआनीत या भागात तोराला पाणी म्हटलंय: पाणी उंच जागा सोडून सखल जागी जातं, तसे तोराचे शब्द ज्याचं मन खाली आहे त्याच्याजवळच टिकतात. पण यावरून कोणी गप्प बसणं म्हणजे विद्या असं समजू नये. हिल्लेलचंच वचन आहे की लाजाळू माणूस शिकत नाही आणि तापट माणूस शिकवू शकत नाही. विचारायला लाजलो की शिकणं संपलं. तोरावरचा सर्वांत मोठा भाष्यकार राशी, अकराव्या शतकातला, फ्रान्सच्या त्र्वाचा. उत्पत्ती या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात रिबकेला 'याकोब आणि एसाव यांची आई' म्हटलंय. हे तर आपल्याला आधीच माहीत आहे, मग पुन्हा का सांगितलं? राशी लिहितो, यातून काय शिकवायचंय हे मला माहीत नाही. त्याला ती जागा भाष्य न करता सोडून देता आली असती. त्याने शाई खर्च करून 'माहीत नाही' असं लिहिलं, आणि आजही मुलं ते वाचतात.

पुढारीपणाबद्दल मला जी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते ती यावनेची आहे. इसवी सन 70 मध्ये जेरुसलेमचं मंदिर पडलं, त्यानंतर विद्वान यावनेला जमले. त्यांचा प्रमुख रब्बान गम्लिएल, मोठ्या घरचा आणि कडक. रब्बी यहोशुआ त्याच्याशी असहमत असत. संध्याकाळची प्रार्थना सक्तीची की ऐच्छिक, एवढ्यावरून गम्लिएलने त्यांना भर सभेत उभं केलं आणि स्वतः बसून शिकवत राहिला. याआधीही त्याने यहोशुआंचा अपमान केला होता. या वेळी सभा उसळली. लोकांनी प्रवचन थांबवलं आणि गम्लिएलला पदावरून काढलं. जागी बसवलं रब्बी एलाझार बेन अझार्याला, वय वर्षं 18.

त्या दिवशी दारावरचा पहारेकरी हटवला गेला. 'ज्याचं आत-बाहेर सारखं नाही त्याने येऊ नये' असा गम्लिएलचा हुकूम होता, तो गेला. अभ्यासगृहात 400 बाकं वाढली, कोणी म्हणतात 700. गम्लिएलने ती गर्दी पाहिली आणि त्याचं मन खचलं: देव न करो, मी इस्राएलपासून तोरा अडवून ठेवली की काय?

आणि आता मला सर्वांत मोलाचा वाटणारा तपशील. पद गेल्यावरही तालमूदच्या शब्दांत तो अभ्यासगृहापासून एक तासही दूर राहिला नाही. त्याच दिवशी अम्मोन या परक्या कुळातला, यहुदी झालेला एक माणूस येऊन विचारतो, मला तुमच्यात लग्न करता येईल का? गम्लिएल म्हणतो नाही, यहोशुआ म्हणतात हो. दोघं वचनं काढून वाद घालतात, गम्लिएल हरतो, त्या माणसाला परवानगी मिळते. ज्याच्यामुळे पद गेलं त्याच्याशी, सगळ्यांच्या देखत, बाकावर बसून वाद घालायचा आणि हरायचं!

मग तो क्षमा मागायला यहोशुआंच्या घरी जातो. भिंती काळ्या पडलेल्या. तो म्हणतो, भिंतींवरून दिसतंय की तू लोहार आहेस. यहोशुआ म्हणतात, ज्या पिढीचा तू पुढारी आहेस तिची काय दशा! विद्वान पोट कसं भरतात, कसे जगतात, हे तुला ठाऊकच नाही. गम्लिएल म्हणतो, मी तुझ्यापुढे नमतो, मला माफ कर. यहोशुआ लक्ष देत नाहीत. माझ्या वडिलांसाठी तरी कर, म्हटल्यावर ते विरघळतात, आणि गम्लिएलला पुन्हा बसवण्यासाठी स्वतःच निरोप धाडतात. तरुण एलाझारलाही पुरतं बाजूला करत नाहीत. ठराविक शब्बाथांना गम्लिएलने शिकवायचं, एका शब्बाथला एलाझारने, असं ठरतं.

त्या काळ्या भिंतींशी मी नेहमी अडखळते, कारण आमच्या लोकांवरही ही पाळी आली आहे. भारतातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांच्या यहुदीपणाबद्दल तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली. 1962 मध्ये सूचना निघाली की त्यांच्या लग्नाआधी पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांनी पुस्तकाविना, गुरूविना शब्बाथ राखला त्यांच्या घरांच्या भिंती कोणी येऊन पाहिल्या नव्हत्या. 1964 च्या उन्हाळ्यात आमची माणसं, बायकामुलांसह, जेरुसलेमला धरणं धरून बसली. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने, क्नेसेटने, बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी असल्याचं जाहीर केलं, आणि नंतर त्या सूचनेतून आमचं नाव काढलं गेलं. मी हे राग काढण्यासाठी सांगत नाही. विद्या पुष्कळ असली तरी दारापर्यंत चालत गेल्याशिवाय पुढाऱ्याला आपली माणसं कळत नाहीत, हे मला यहोशुआंच्या उत्तरात जसं दिसतं तसंच तिथेही दिसतं.

आता दुसरी बाजू. रांबाम, बाराव्या शतकातला मोठा धर्मशास्त्री, स्वभावाच्या बहुतेक बाबतींत मधला मार्ग धरायला सांगतो, पण गर्वाच्या बाबतीत म्हणतो, मध्यावर थांबू नका, थेट दुसऱ्या टोकाला जा. हे वाचून कोणालाही वाटेल की नम्रता कितीही असली तरी चांगलीच. तालमूद मात्र रब्बी जखऱ्या बेन अव्कूलसची गोष्ट सांगतो. रोमच्या बादशहाने मंदिरात अर्पणासाठी वासरू पाठवलं. मेजवानीत अपमान झालेल्या बार कामत्सा नावाच्या माणसाने सूडापोटी वाटेत त्याला व्यंग केलं. विद्वान म्हणाले, सत्तेशी शांतता राहावी म्हणून हे तरी अर्पण करू. जखऱ्या म्हणाला, लोक म्हणतील व्यंग असलेले पशू चालतात. मग बार कामत्साने बादशहाकडे चहाडी करू नये म्हणून त्याला मारावं असं निघालं. जखऱ्या म्हणाला, लोक म्हणतील अर्पणाला व्यंग करणाऱ्याला मृत्युदंड असतो. कुठलाच निर्णय झाला नाही, चहाडी झाली. रब्बी योहानान सांगतात, जखऱ्याच्या नम्रतेने आमचं घर उद्ध्वस्त केलं, आमचं मंदिर जाळलं, आम्हाला देशोधडीला लावलं.

इतके कठोर शब्द, आणि तेही नम्रतेबद्दल! शमुवेल संदेष्टा शौल राजाला हेच वेगळ्या तऱ्हेने ऐकवतो. लोकांच्या भीतीने आपण आज्ञा मोडली असं शौल कबूल करतो त्याच अध्यायात: तू स्वतःच्या नजरेत लहान असलास, तरी इस्राएलच्या वंशांचा प्रमुख आहेस ना? हिल्लेलचं घराणं दुसऱ्याचं मत आधी सांगत असे, पण नंतर आपला निवाडाही देत असे. जखऱ्या लोक काय म्हणतील एवढंच सांगत राहिला.

म्हणून आमच्या कमिटीच्या बैठकीत सणाचा खर्च असो की जुन्या कब्रस्तानाची भिंत, कोणी 'मी कोण बोलणारी' म्हणून हात जोडले की मी जखऱ्याची गोष्ट काढते. आधी तिला समोरच्याचं म्हणणं मांडायला लावते, आणि मग तिचं मत विचारून लिहून घेते.