मोटर गेलीच नव्हती : एकाच घाटात दोनदा तापलेली गाडी

सपाटीवरचे दोन दिवस मजेत गेले, त्याबद्दल लिहीत नाही. घाटाबद्दल लिहितो, कारण अजून राग उतरलेला नाही.

ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटताना तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला. एसी बंद, हीटर फुल्ल, गाडी कडेला. बॉनेट उघडलं तर रेडिएटरचा पंखा ठप्प. वेगात समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो, म्हणून सपाटीवर हे कळलंच नाही.

पायथ्याच्या मेकॅनिकने फ्यूज पाहिला, मोटरच्या वायरीच्या कनेक्टरमध्ये मीटर (मल्टिमीटर) लावला. बारा व्होल्ट दिसले. ‘करंट येतोय, म्हणजे मोटर गेली.’ मी मान डोलावली. नवी मोटर बसली, फिरली, पैसे दिले. परत घाट चढायला लागलो, तर त्याच चढावर काटा पुन्हा लाल!

या वेळी मीटर मी हातात घेतला. आधी डिकीतली जुनी मोटर घट्ट धरून, फ्यूज लावलेल्या वायरने थेट बॅटरीला जोडली. गरकन फिरली. चांगली मोटर काढून टाकली होती.

मग रिले, म्हणजे पंख्याचा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच नंबरचा हॉर्नचा रिले लावून पाहिला, फरक नाही. रिले काढून त्याच्या सॉकेटमध्ये ३० (बॅटरीकडून येणारी) आणि ८७ (पंख्याकडे जाणारी) या जागा जाड, फ्यूजवाल्या वायरने जोडल्या, तरी पंखा हलेना. म्हणजे तापमानाचा सेन्सर, ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर), रिले सगळे सुटले; दोष रिलेच्या पुढे. (पंख्याला वेगळं कंट्रोल मॉड्यूल असेल तर ही जोडणी करू नका.)

खरी गोम इथे आहे. कनेक्टर काढून मोजलं तर गंजलेल्या जोडातूनही बारा व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. कनेक्टर लावलेला ठेवून, पंख्याला सप्लाय चालू असताना मागून प्रोब (मीटरची टोकं) घालून मोजायचं. मी काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल मोटरच्या निगेटिव्ह पिनवर ठेवला. तिथे शून्याच्या आसपास, फार तर काही दशांश व्होल्ट हवेत. मला अकरा दिसले! अर्थिंग, म्हणजे मोटरची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जिथे जोडतात तो जोड, गेलेलं. हेडलाइटमागच्या त्या जोडाच्या बोल्टखाली हिरवट गंज होता. मोटर बदलताना वायर ओढली गेली, तेवढ्यापुरतं टेकलं आणि गॅरेजात पंखा फिरला.

बोल्ट खोलून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, पुन्हा आवळला. पंखा सुरू. त्या आवाजाने पाय गळाले अक्षरशः.

माझं मत स्पष्ट आहे : थेट बॅटरीवर फिरत नाही हे दाखवल्याशिवाय कुणालाही मोटर बदलू देऊ नका. साधा मीटर, पॉलिशपेपर, दोन जाड वायरी आणि त्या गाडीचे जादा फ्यूज सोबत हवेतच. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. बॉनेटखाली हात घालताना बोटं पात्यांपासून लांब, काही गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा अचानक सुरू होतो.

आणि घाट लागण्याआधी गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्या वेळात पंखा फिरायला हवा. नाही फिरला तर चढू नका.