तुम्ही विचारलंत म्हणून : रक्तातून आतड्याचा कॅन्सर कळतो का?

मी प्रयोगशाळेत काम करते हे कळलं की लग्नाच्या पंगतीतसुद्धा प्रश्न येतो: "आतड्याचा कॅन्सर आता रक्तातल्या आरएनएवरून कळतो म्हणे. दुर्बीण नको नि काही नको. करून टाकू का?"

तब्येत ठणठणीत असेल तर आज तरी नको. त्रास होत असेल तर मुळीच नको, तिथे दुर्बीणच, म्हणजे कोलोनोस्कोपीच हवी.

शास्त्र खोटं नाही. आरएनए म्हणजे पेशीत डीएनएवरून उतरवलेली प्रत. रक्तात आरएनए तोडणारी एन्झाइम्स भरपूर असतात, पण मायक्रोआरएनए हे जेमतेम 22 अक्षरांचे तुकडे प्रथिनांना चिकटून किंवा पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांत बसून तग धरतात. याच मायक्रोआरएनएच्या शोधाला 2024चं नोबेल मिळालं. कॅन्सरच्या पेशींत त्यांचं प्रमाण बदलतं, म्हणून ते रक्तात मोजायचे.

पण मिर-21 नावाचा मायक्रोआरएनए आतड्याच्या कॅन्सरमध्ये वाढतो तसा जठराच्या, स्वादुपिंडाच्या आणि स्तनाच्याही. नेमकं कुठे बिघडलंय, ते तो एकटा सांगत नाही. मिर-122 खास यकृताचा, पण साध्या हिपॅटायटिसमध्येही चढतो. म्हणून आता एकाऐवजी अनेकांचे संच तपासतात.

माझी खरी डोकेदुखी मात्र रक्ताच्या नमुन्याच्या नळीत असते. 2009 मध्ये मिर-92ए आतड्याच्या कॅन्सरची खूण म्हणून गाजला. तो तांबड्या पेशींतही ठासून भरलेला असतो. सिरिंज जोरात ओढली, नळी खडखडा हलवली किंवा सेंट्रिफ्यूजला (नळी गरागरा फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात घालायला) उशीर झाला की पेशी फुटतात आणि आकडा वर जातो. प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढल्यावर उरलेला पिवळसर द्रव, गुलाबी दिसला तर आम्ही नमुना परत पाठवतो. पण डोळ्यांना न दिसणारी फूटही पुरते. त्यासाठी तांबड्या पेशींतला मिर-451 वेगळा मोजून पेशी फुटल्या तरी फारसा न बदलणाऱ्या मिर-23एशी त्याचं प्रमाण बघावं लागतं. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

आणि हिशेब. समजा एक लाख निरोगी दिसणाऱ्या माणसांत 50 जणांना कॅन्सर आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी, म्हणजे आजारी आणि निरोगी दोघांनाही ओळखण्यात, 90 टक्के बरोबर आहे. 45 सापडतील, पाच निसटतील. शिवाय जवळजवळ दहा हजार धडधाकट माणसं रिपोर्ट हातात घेऊन रात्रभर जागतील आणि शेवटी दुर्बिणीच्याच रांगेत येतील. जी टाळायला निघालो होतो, तिच्याच.

अमेरिकेत 2024 मध्ये आतड्याच्या कॅन्सरसाठी दोन नव्या चाचण्यांना परवानगी मिळाली. शील्ड रक्ताची आहे, पण ती डीएनए बघते. कोलोसेन्स आरएनए बघते, पण शौचाच्या नमुन्यात! तिथे आतड्याच्या पेशी थेट झडून येतात, त्यामुळे मला ते जास्त पटतं. आपल्याकडे शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी साधी फिट चाचणी मिळते. पंचेचाळिशीनंतर ती करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. डबीत नमुना द्यायचा म्हणून नाक मुरडणारे लोक महागडं पॅकेज मात्र हौसेने घेतात, याची मला गंमत वाटते.

शौचातून रक्त जात असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, तर मूळव्याध म्हणून महिने काढू नका. आणि रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कोलोनोस्कोपीची तारीख रद्द करू नका.