बारा जोड्या, दोन पी-व्हॅल्यू

गेल्या आठवड्यात एक विद्यार्थिनी वही घेऊन आली. रोपांच्या 12 जोड्या, प्रत्येक जोडीत एका रोपाला नवं द्रावण, दुसऱ्याला नुसतं पाणी. 9 जोड्यांत द्रावणाचं रोप उंच निघालं, 3 जोड्यांत पाण्याचं. "मॅडम, एकतर्फी पी-व्हॅल्यू 0.073 येतेय. 0.05 च्या खाली असती तर 'सिग्निफिकंट', म्हणजे निव्वळ योगायोग नसावा, असं लिहिता आलं असतं. थोडक्यात हुकलं."

12 हा आकडा आधीच ठरला होता का, असं मी विचारलं. नव्हता. ती एकेक जोडी मोजत गेली होती आणि पाण्याचं रोप तिसऱ्यांदा उंच निघालं की थांबायचं, असं तिने ठरवलं होतं. मग गणितच वेगळं. तसं मांडलं तर पी 0.033. तिचा चेहरा उजळला. मी मात्र अस्वस्थ झाले. रोपं तीच, मोजमाप तेच. पुरावा कुठून वाढला?

तो वाढलेलाच नाही. द्रावणाचा काही परिणाम नाही असं धरलं, तर हाती आला तितका किंवा त्याहून टोकाचा निकाल मिळण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. सगळी गोम त्या 'त्याहून टोकाचा'मध्ये आहे. 12 जोड्यांचाच बेत असेल तर 10, 11, 12 वेळा द्रावण सरस ठरणं त्यात धरायचं. तिसऱ्या अपयशाला थांबायचा बेत असेल तर 13, 14, 20, कितीही जोड्यांपर्यंत लांबू शकणारे प्रयोगही. जे घडलंच नाही, ते आकड्यात येऊन बसतं. पी चुकीच्या हमीपासून जपते, हे खरं. पण तिला पुराव्याचं वजन म्हणणं मला पटत नाही. पी 0.03 म्हणजे परिणाम खरा असण्याची शक्यता 97 टक्के, असं मीही कित्येक वर्षं समजत होते, आणि ते साफ चूक होतं.

मग मी तिच्यासमोरच लाइकलिहूड रेशो काढला, म्हणजे याच नोंदी मिळण्याची शक्यता एका गृहीतकानुसार दुसऱ्याच्या किती पट आहे, तो आकडा. द्रावणाचं रोप दर चारांत तीनदा उंच निघतं, हे गृहीतक निम्म्या-निम्म्या शक्यतेपेक्षा या नोंदींशी 4.8 पट जास्त जुळतं. दोन्ही बेतांत उत्तर हेच. तेही निकाल बघून निवडलेलं, सर्वांत सोयीचं गृहीतक. 0.033 ऐकून वाटतं त्या मानाने 4.8 किती तोकडं!

अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने 2016 च्या निवेदनात म्हटलंच आहे, की एकटी पी-व्हॅल्यू पुराव्याचं चांगलं माप नव्हे.

"मग सिग्निफिकंट लिहू की नको?" तिने विचारलं. थांबण्याचा नियम लिही, नऊ-तीन लिही, 4.8 लिही, असं मी सांगितलं. आणि आणखी रोपं लाव.