आबांना मी ‘तू’ म्हणाले होते

लिव्हरपूलला आम्ही दोन दिवस होतो. बीटल्सचं म्युझियम, फुटबॉलचं स्टेडियम, मर्सी नदीतली बोटीची फेरी, सगळं झालं. लेकाने हौसेने दाखवलं, पण त्यातलं आज फार काही डोळ्यांपुढे येत नाही. येतो तो सॅलिसबरी स्ट्रीटवरच्या सेंट फ्रान्सिस झेवियर चर्चमधला तासभर.

लाइम स्ट्रीट स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटं लागली. पाऊस म्हणावा तर नाही, पण छत्री मिटावी असंही नाही. सुनेला कळेना, आईंना एवढं लांब येऊन चर्चच का बघायचंय. मी म्हटलं, इथे एक फादर होता. त्याच्या ओळखीचा एक नालबंद वारला, त्याच्यावर त्याने कविता लिहिली. ती मी हायस्कूलच्या नोकरीत कधी शिकवली नाही, पण आबा गेल्यापासून माझ्या पर्समध्ये घडी घालून आहे.

जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स हे त्या फादरचं नाव. जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या एका संघातला. 1880 च्या सुरुवातीपासून दीडेक वर्ष तो या चर्चमध्ये होता. आयर्लंडातल्या दुष्काळातून पळून आलेली गोदीतली, हमालीतली माणसं या वस्तीत दाटीवाटीने राहत. आजारी माणसांच्या घरी जाणं हे त्याचं रोजचं काम. त्यातलाच एक फेलिक्स स्पेन्सर. घोड्यांना नाल ठोकणारा, वय अवघं 31. क्षयाने 21 एप्रिल 1880 ला गेला आणि आठवड्याने, 28 एप्रिलला, हॉपकिन्सने आडनाव बदलून त्याच्यावर ‘फेलिक्स रँडल’ लिहिली. चौदा ओळी. क्षयाचा जंतू सापडल्याचं रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने जाहीर केलं ते 1882 मध्ये. म्हणजे या माणसाला कशाने पोखरलं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. फादरजवळ देण्यासारखं होतं ते अभिषेकाचं तेल, प्रार्थना आणि शेजारी बसणं.

मी मागच्या बाकावर बसले. दोन-तीन म्हाताऱ्या बायका पुढे होत्या. कागद उघडला आणि ओठातल्या ओठात वाचला.

सुरुवात अगदी कोरडी आहे. गेला का तो, म्हणजे माझं काम संपलं, असं काहीसं. मग थोराड हाडापेराचा, देखणा गडी कसा झिजत गेला, त्याची बुद्धी कशी भरकटायला लागली, आधी कसा चिडून शिव्या द्यायचा, तेल लावल्यावर कसा निवला. हे सगळं ‘तो’ म्हणून. आणि मध्येच तो ‘तू’ होतो. आजाऱ्याची सेवा केली की त्याचा जीव आपल्यावर जडतो आणि आपलाही त्याच्यावर, असं म्हणून फादर एकदम त्याच्याशीच बोलायला लागतो. माझ्या हाताने तुझे अश्रू थांबले आणि तुझ्या अश्रूंनी माझं काळीज हललं. त्या दांडग्या माणसाला तो ‘बाळा’ म्हणतो.

आमच्या आबांना मी जन्मभर ‘तुम्ही’ म्हटलं. आमच्याकडे वडिलांना दुसरं काही म्हणतच नाहीत. आबा लोहार. सांगली जिल्ह्यात उसाचा पट्टा, त्यामुळे दिवाळीच्या आधी बैलांना पत्री, म्हणजे बैलांचे नाल, मारायला आमच्या दारात रांग लागायची. डांबरी सडकेवर उसाची गाडी ओढायची तर पत्री हवीच, नाहीतर खूर झिजून बैल बसतो. आबा नाड्याने बैल पाडायचे, चारी पाय एकत्र बांधायचे, तोंडात खिळे धरायचे आणि एकेक खिळा असा मारायचे की बैल अंगही चोरायचा नाही. मी भाता ओढायची.

त्याच आबांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला. घण उचलायचा तोच. पहिले दोन महिने त्यांनी आम्हाला इतक्या शिव्या दिल्या की आई परसात जाऊन रडायची. मी रजा काढून माहेरी राहिले होते. एक दिवस पेज भरवताना त्यांना ठसका लागला, सगळी पेज अंगावर सांडली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “हळू रे बाळा, गिळ तू, मी आहे.” आबा माझ्याकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी आलं. मी पदराने पुसलं. त्यानंतर ते शिव्या द्यायचे थांबले, पण मला मात्र वाटत राहिलं की एवढ्या मोठ्या माणसाला मी लहान करून टाकलं.

फेलिक्सच्या कवितेने मला तिथेच धरलं. कारण ‘बाळा’ म्हणून झाल्यावर फादर तिथे थांबत नाही. शेवटच्या तीन ओळींत तो त्याला खाटेवरून उठवून ओबडधोबड दगडांच्या भट्टीपाशी उभा करतो. सोबत्यांमध्ये सगळ्यांत ताकदवान, मोठ्या करड्या घोड्यासाठी लखलखता नाल घडवताना. त्यासाठी ‘फेटल’ हा तिकडच्या कामगारांच्या बोलीतला शब्द वापरतो. ऑक्सफर्डात शिकलेला माणूस, पण गड्याची आठवण गड्याच्या भाषेत काढतो. आजारपण आधी सांगितलं आणि घण शेवटी. मी इतकी वर्षं उलटं करत होते. आबा आठवले की पेजेची वाटी आठवायची.

चर्चमध्ये मी रडले. पुढची एक बाई उठून आली, खांद्यावर हात ठेवला, काही न विचारता परत जागेवर गेली.

हॉपकिन्स 1889 मध्ये डब्लिनला विषमज्वराने गेला, चव्वेचाळिसाव्या वर्षी. त्याच्या कवितांचं पुस्तक मित्राने, रॉबर्ट ब्रिजेसने, काढलं ते 1918 मध्ये. फेलिक्सच्या घरच्यांना ही कविता कधी कुणी वाचून दाखवली असेल, असं वाटत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

दुपारी गोदीकडे गेलो. म्युझियम ऑफ लिव्हरपूलच्या बाहेर गाडीच्या घोड्याचा ब्राँझचा पुतळा आहे. एकेकाळी या शहरात माल ओढणारे हजारो घोडे होते. जुन्या गाडीवानांनी पाठपुरावा करून 2010 मध्ये तो उभा करवला. बाकीचे पुढे गेले, मी वाकून खुरावर हात ठेवला. पावसाने गार झालेला होता.

नातू मागे येऊन उभा राहिला. “आजी, घोड्याला नाल किती लागतात?”

“चार,” मी म्हटलं. “बैलाला आठ. त्याचा खूर दुभंगलेला असतो ना. तुझे पणजोबा आठही मारायचे, आणि बैल उठून लगेच चालायला लागायचा.”