तीन पिस्टन आणि खाच पडलेला क्रँक

गेल्या जानेवारीत मी दुरुस्त करून दिलेली एक यामाहा आर.एक्स. १०० मोटारसायकल आज व्यवस्थित चालते आहे आणि तरीही ती नेमकी कशामुळे बिघडत होती, हे मला खात्रीने सांगता येत नाही. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या गॅरेजात टू-स्ट्रोक गाड्यांचे काम अजून नियमित येते, पण असे काम क्वचितच येते, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले.

एस्कॉर्ट्सने १९८५ ते १९९६ या काळात बनवलेली ही गाडी सर्वांना रस्त्यावरची म्हणून माहीत आहे: ९८ सीसी, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५० मिलिमीटर, रीड वाल्व आणि ऑइल पंप. माझ्याकडे आलेली गाडी मात्र नव्वदच्या दशकात डर्ट-ट्रॅकच्या शर्यतींसाठी मुळापासून बदललेली होती. मागचा चिमटा (मागचे चाक धरणारा दांडा) लांब करून त्याला आतून पट्टीचा आधार दिलेला होता, शॉकअप उंच होते, पुढच्या फोर्कमध्ये स्प्रिंगवर पाइपचे तुकडे घालून उंची वाढवलेली होती, मागचे चेन-चक्कर मोठे होते आणि सायलेन्सर इंजिनाच्या वरच्या अंगाने काढून सीटखाली नेलेला होता. ऑइल पंप काढून त्याची जागा पत्र्याच्या चकतीने बंद केलेली होती, म्हणजे तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालावे लागे. हे सर्व एका जुन्या मेकॅनिकने केले होते आणि ते आता हयात नाहीत. गाडी ज्यांच्यासाठी बनवली तेही नाहीत. त्यांचा पुतण्या टॉवेलच्या मागांचा छोटा कारखाना चालवतो आणि काकांची गाडी पुन्हा मातीवर धावावी एवढीच त्याची इच्छा होती.

तो आला तेव्हा त्याच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत तीन पिस्टन होते. "मालक, हे तिन्ही या एकाच गाडीचे आहेत," तो म्हणाला. "चौथा घालण्याआधी कारण सांगा." इतक्या वर्षांत असे सांगणारे गिऱ्हाईक मला फार भेटलेले नाही. बहुतेक जण विचारतात ते एवढेच, की संध्याकाळपर्यंत गाडी मिळेल का आणि आवाज वाढवता येईल का.

आधीच्या गॅरेजवाल्यांनी प्रत्येक वेळी तेच केले होते: ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो तो सिलिंडर, एक साइज वाढवून बोअर केला, नवा पिस्टन बसवला आणि गाडी हाती दिली. सीज झालेले, म्हणजे पिस्टन आत अडकून धरलेले इंजिन म्हणजे पिस्टनचे काम, ही समजूत आमच्या धंद्याला लागलेला रोग आहे. पिस्टन अपराधी नसतो, त्याच्यावर अन्याय झालेला असतो, आणि कोणत्या बाजूने झाला हे तो अंगावर लिहून दाखवतो. थंड इंजिन तापू न देता जोरात पळवले, तर चार कोपऱ्यांत उभे ओरखडे येतात. तेल कमी पडले, तर सर्व अंगाने घासल्याच्या खुणा दिसतात. पेट्रोल कमी आणि हवा जास्त, म्हणजे मिश्रण पातळ झाले, तर एक्झॉस्टच्या बाजूला अॅल्युमिनियम फासल्यासारखे वितळते आणि पिस्टनचा माथा तपकिरी राहण्याऐवजी राखाडी-पांढरा पडतो. मी तिन्ही पिस्टन फळीवर ओळीने मांडले. तिन्ही एक्झॉस्टच्या बाजूनेच गेले होते आणि तिघांचेही माथे पांढरे होते.

म्हणजे दोष पातळ मिश्रणाचा, एवढे त्याच दुपारी ठरले. ते पातळ कशाने होत होते, हा खरा प्रश्न होता.

पुतण्याने दिलेल्या माहितीत एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली. तिन्ही वेळा इंजिन हिवाळ्यात, पहाटेच्या सुमारास धरले होते. आमच्याकडे सर्वांचा राग मे महिन्याच्या उन्हावर असतो आणि इंजिन गेले की ऊन लागले असे म्हटले जाते, पण मिश्रणाच्या बाबतीत गणित उलटे आहे. ४२ अंशांच्या हवेपेक्षा १५ अंशांची हवा सुमारे नऊ टक्के दाट असते आणि कार्बोरेटर त्या दाटपणाची अर्धीच भरपाई करतो, म्हणून उन्हाळ्यात बरोबर बसलेला जेट (कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा स्क्रू) जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत चार-साडेचार टक्के कमी पेट्रोल देतो. ही गाडी अनेक वर्षांनी प्रथम चालू केली गेली ती मे महिन्यात, आणि जेट तेव्हाच्याच अंदाजाने बसवला होता. शिवाय त्या मेन जेटवरचा नंबर खोटा होता, कारण कोणीतरी त्यात बारीक ड्रिल फिरवून पुन्हा डाग देऊन भोक लहान केले होते. असे जेट पाहिले की मला संताप येतो. नवा जेट चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळतो, पण जेटला ड्रिल लावणारा माणूस पुढच्या प्रत्येक मेकॅनिकची मोजपट्टी काढून घेतो.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ भाग. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या आजच्या पेट्रोलला साधारण १३.५ भाग लागते. आजची इंजेक्शनची गाडी हा फरक स्वतः ओळखते. मिकुनी कंपनीचा साधा कार्बोरेटर ओळखत नाही, तो जेटमधून जेवढे जाईल तेवढेच देतो, आणि मिश्रण सात-आठ टक्के पातळ होते. काकांच्या काळात पंपावर हे पेट्रोल नव्हते.

तिसरी गोष्ट ऐकून मी थोडा वेळ बोललोच नाही. पहिला पिस्टन गेल्यावर कोणीतरी पुतण्याला तेल दुप्पट कर असा सल्ला दिला होता आणि तो लिटरला ४० मिलिलिटरऐवजी ८० मिलिलिटर टू-टी तेल घालत होता. जेटच्या भोकातून जाणाऱ्या मिश्रणात तेल वाढले की त्या प्रमाणात पेट्रोल घटते. येथे ते जवळजवळ साडेतीन टक्क्यांनी घटत होते, आणि दाट झालेले मिश्रण भोकातून सावकाश जाते ते वेगळेच. त्याने पिस्टन वाचवण्यासाठी काळजीने जे केले, त्यानेच पिस्टनवरचा ताप वाढत होता. हा सल्ला सोलापुरात अजूनही दिला जातो.

तिन्हींची बेरीज पंधरा टक्क्यांच्या घरात जाते आणि दुसरा कोणी येथेच थांबला असता. मी थांबलो नाही, कारण जेट बदलण्याआधी इंजिन हवाबंद आहे की नाही हे पाहिलेच पाहिजे, असे मी शिकलो आहे. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँकची बंद पेटी, हा पंप असतो. त्याला कोठून हवा लागत असेल, तर जेटचे सर्व गणित फुकट जाते.

माझ्याकडे यासाठी बी.पी. मोजण्याचे जुने यंत्र आहे. इनटेक आणि एक्झॉस्ट रबर लावून पट्ट्यांनी बंद करायचे, प्लगच्या भोकातून नळी जोडायची आणि काटा ३०० वर न्यायचा. हा दाब सुमारे ०.४ बार होतो आणि या परीक्षेला नेमका एवढाच पुरतो. काटा पाच मिनिटे जागचा हलला नाही. साबणाच्या पाण्याचा एकही बुडबुडा आला नाही. गॅरेजातल्या मुलाने पट्ट्या सोडायला सुरुवातही केली होती, पण मी त्याला थांबवले, कारण ही अर्धीच परीक्षा असते. क्रँकच्या शाफ्टभोवती बसणाऱ्या रबरी ऑइल सीलची ओठासारखी कड आतल्या बाजूला असते आणि आतून दाब दिला की ती शाफ्टवर अधिक घट्ट बसते. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये दाब नसतो, ओढ असते, आणि ओढीत तीच कड उचलली जाऊ शकते. मी फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर उलट्या बाजूने जोडला, तेवढीच ओढ दिली आणि नळी बंद केली. ओढ दाखवणाऱ्या मीटरचा काटा डोळ्यांदेखत घसरला.

हवा क्लचच्या बाजूच्या सीलमधून येत असती, तर हवेऐवजी गिअर ऑइल ओढले गेले असते, धूर पांढरा झाला असता आणि ऑइलची पातळी घटली असती. तसे काहीच नव्हते, म्हणून मी दुसरी, म्हणजे मॅग्नेटची बाजू उघडली. सील नवे होते, कंपनीचे होते आणि नीट बसवलेले होते. दोष क्रँकच्या शाफ्टमध्ये होता. इतक्या वर्षांत सीलच्या कडेखाली अडकलेल्या मातीने तेथे गोल खाच पाडली होती, ती दिसत नव्हती, पण नख फिरवले की अडत होती. त्या खाचेत कितीही नवे सील बसवले तरी ते ओढीला तग धरणार नव्हते. मी नवे सील थोडे बाहेरच्या अंगाला बसवले, म्हणजे त्याची कड कोऱ्या जागेवर टेकली, आणि पुन्हा ओढ दिल्यावर काटा स्थिर राहिला. हे काम ज्या क्षणी जमले, त्या क्षणाचा मला अजून आनंद आहे.

ब्लॉकच्या आत चिकटलेले अॅल्युमिनियम काढायला ओळखीच्या रंगखात्यातून कॉस्टिक सोडा आणला. तो लोखंडी स्लीव्हला काही करत नाही, पण बाहेरच्या अॅल्युमिनियमच्या पंखांना लागला तर ते खातो, म्हणून कापसाच्या बोळ्याने थेंबाथेंबाने काम करावे लागले. स्वच्छ झालेल्या ब्लॉकमध्ये जुन्या मेकॅनिकचे हात प्रथमच नीट दिसले. दोन्ही बाजूंचे ट्रान्सफर पोर्ट (ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये आणणारी भोके) अंशांच्या चकतीवर मोजले तर एकाच वेळी उघडत होते, आणि एक्झॉस्टच्या वरच्या कडेला रिंग अडकू नये म्हणून अत्यंत समान उतार दिलेला होता. हल्ली पोर्टिंगच्या नावाने हातग्राइंडर नजरेच्या अंदाजाने फिरवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी हा ब्लॉक एकदा पाहावा.

पुतण्याला मात्र आणखी ताकद हवी होती. एक्झॉस्ट पोर्ट एक मिलिमीटर उंच करा, असे कोणीतरी त्याला सुचवले होते. ५० मिलिमीटरच्या स्ट्रोकमध्ये एक मिलिमीटर म्हणजे एक्झॉस्ट उघडा राहण्याच्या काळात जवळजवळ पाच अंशांची वाढ. त्याने वरच्या फेऱ्यांत ताकद येते आणि खालची जाते. मुरमाच्या वळणातून बाहेर पडताना लागते ती खालची. शिवाय सायलेन्सरची फुगीर नळी त्याच पोर्टच्या हिशेबाने बनवलेली असते. पूर्व जर्मनीच्या एम.झेड. या मोटारसायकल कंपनीमध्ये वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात हा हिशेब बसवला आणि १९६१ साली त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेला पळाला, तेव्हा ती विद्या सुझुकीपर्यंत पोहोचली. नळीतून परतणारी दाबाची लाट ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते ती ठरावीक लांबीवरच, म्हणून पोर्ट हलवला की नळीही नव्याने बनवावी लागते. मी पोर्ट कापण्यास नकार दिला. गंजलेली नळी मधोमध कापून, कुजलेला पत्रा काढून, जुन्याच मापांनी पुन्हा जोडली.

नवा मेन जेट दोन साइज मोठा घातला, तेल लिटरला ४० मिलिलिटरवर आणले आणि एक नंबर थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर नेणारा प्लग लावला. एनजीकेचा नंबर वाढला की प्लग थंड होतो आणि बॉशचा नंबर वाढला की गरम, हे न कळल्यामुळेही इंजिने जातात, म्हणून ते मी पुतण्याला कागदावर लिहून दिले. प्लग-कट, म्हणजे गाडी जोरात पळवून एकदम बंद करून प्लगचा रंग पाहणे, पहाटेच्या थंडीत घेतला, दुपारी नाही. बदललेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे रस्त्यावर आणता येत नाही, ती टेम्पोतूनच न्यायची, आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या माळावर कधीही न्यायची नाही, या दोन अटी मी घातल्या. त्याने त्या मान्य केल्या.

गाडी आजतागायत धरलेली नाही. मागच्या महिन्यात तो तेल घ्यायला आला आणि त्याने विचारले, "मालक, मग नक्की काय होते?" थंडी, इथेनॉल, तेल आणि सील या चारांपैकी कोणती दोन पुरेशी होती, हे मला सांगता आले नाही. मी सर्व एकाच वेळी दुरुस्त केले होते, आणि गिऱ्हाइकाच्या गाडीवर एकेक कारण वेगळे करून पाहणे म्हणजे त्याचा चौथा पिस्टन पणाला लावणे झाले असते. पण माझ्याकडे एक मोडीतले आर.एक्स.चे इंजिन आहे आणि त्याच्या क्रँकलाही मॅग्नेटच्या बाजूला तशीच खाच आहे. डिसेंबरात ते बरोबर जेट आणि बरोबर तेल घालून, फक्त सील त्या खाचेतच ठेवून, पहाटे पळवायचे ठरवले आहे. पिस्टन उरला तर सीलवरचा माझा संशय कमी होईल, गेला तर तो पिस्टन घेऊन मी स्वतः त्याच्या कारखान्यावर जाईन.