सतरा चकत्या आणि एक पेला पाणी

जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. गोव्यातलं हॉटेल, सत्तर पाहुण्यांचं रात्रीचं जेवण, आणि गोडाला काजू-मेरँगचे, म्हणजे अंड्याचा पांढरा साखर घालून फेटून भाजलेल्या चकत्यांचे थर, मध्ये मलई आणि मानकुराद आंबा. आदल्या संध्याकाळी पहिला दणदणीत पाऊस पडून गेला होता. सकाळी चकत्या नरम निघाल्या तेव्हा किचनमधल्या प्रत्येकाने एकच कारण सांगितलं: हवा. त्या दिवसाच्या अहवालातही तेच लिहिलं गेलं. मला ते मान्य नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी पदार्थ. फ्रान्सच्या नैऋत्येला डाक्स नावाचं गाव आहे, त्यावरून या प्रकाराला डॅक्वाज म्हणतात. तिकडे बदाम किंवा हेझलनट घालतात. गोव्यात काजू सोडून दुसरं काही घालावं असं मला वाटत नाही, आणि अंड्यांचा पांढरा तर इथे आपोआप शिल्लक राहतो. बेबिंकाला, म्हणजे इथल्या थरांच्या गोड पदार्थाला, लागतो तो पिवळा बलक. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा बेबिंका होतो आणि उरलेला पांढरा बरणीत भरून फ्रिजमध्ये जातो. दोन दिवस जुना पांढरा थोडा पातळ होतो आणि फेसाला चांगला येतो. अट एकच, बलकाचा ठिपका नको. पांढऱ्यात स्निग्धांश मिसळला की फेस नीट चढत नाही.

एका केकला तीन चकत्या. त्यासाठी पांढरा २४० ग्रॅम, बारीक साखर २४० ग्रॅम, काजू २०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर २० ग्रॅम. काजू तुकडाच घ्यावा. शेवटी दळायचाच आहे, अख्ख्याचे पैसे कशाला मोजायचे? १५० अंशांवर दहा-बारा मिनिटं भाजून पूर्ण गार करायचा. मग ८० ग्रॅम साखर आणि सगळं कॉर्नफ्लोअर सोबत घालून मिक्सर थांबत-थांबत फिरवायचा. काजूत जवळजवळ ४५ टक्के तेल असतं आणि तो बदामापेक्षा मऊ. सलग फिरवला की भांडं तापतं, तेल सुटतं आणि पिठाऐवजी लोणी हातात येतं. साखर आणि कॉर्नफ्लोअर ते तेल धरून ठेवतात. उरलेली १६० ग्रॅम साखर पांढऱ्यात जाते, पण फेस दिसायला लागल्यावर, चमचा-चमचा करत, सात-आठ मिनिटांत. दोन बोटांत चोळून बघायचं, खरखर लागली तर अजून फेटायचं. न विरघळलेली साखर पुढे पाकाचे थेंब होऊन चकतीवर घामासारखी येते. शेवटी काजूचं पीठ तीन वेळा करून, रबरी उलथन्याने खालून वर घेत, वीस-पंचवीस हातांत मिसळायचं. तिसाव्या हाताला फेस सैल पडलेला कळतो, पण तोवर उशीर झालेला असतो.

बारा मिलिमीटरचं नोझल, बटर पेपरवर २२ सेंटिमीटरचं वर्तुळ, मधून बाहेर गोल-गोल. प्रत्येक चकती मी काट्यावर ठेवूनच घालते: ओली २३० ग्रॅम. १४० अंशांवर २५ मिनिटं, मग ११० वर सव्वा तास, आणि त्यानंतर ओव्हन बंद, दार बंद, सकाळपर्यंत हात लावायचा नाही. खरं वाळणं या शेवटच्या टप्प्यात होतं. वरून चकती झाल्यासारखी दिसते, वाजवली तर टकटक करते, पण पोटात ओल असते. हे बाहेरून कळत नाही. कळतं ते वजनावरून. २३० ची चकती नीट वाळली की १६२ ते १६४ ग्रॅमवर येते.

त्या रात्री साडेबाराला मी ओव्हन बंद करून निघाले. आत अठरा चकत्या होत्या.

सकाळी आठला आले तर ओव्हनमध्ये पाव. चकत्या प्लॅस्टिकच्या हवाबंद डब्यांत, मध्ये बटर पेपर घालून, नीट रचलेल्या. झाकण उघडलं तर आतून बाष्प धरलेलं. वरची चकती उचलली तर घावनासारखी वाकली. दोन चकत्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्या सोडवताना फाटल्या.

रात्रीचे पाववाले मामा कुडाळकडचे. तीस वर्षं भट्टीवर आहेत आणि या किचनमध्ये त्यांच्याइतकं काळजीपूर्वक काम करणारं दुसरं कोणी मला माहीत नाही. अडीचला त्यांना ओव्हन लागतो, नाहीतर सकाळचा पाव होत नाही. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "वारो लागू नये म्हणान गरम गरमच डब्यात भरलंय." म्हणजे वाऱ्याला लागून नरम पडू नयेत म्हणून त्यांनी काळजी घेतली होती. मेरँग हवाबंद डब्यात ठेवा, हे आम्हीच सगळ्यांना सांगत असतो. गार झाल्यावर ठेवा, हा अर्धा भाग सांगायचा राहतो.

मॅनेजर आले, डब्यात बघितलं आणि म्हणाले, "जूनमध्ये मेरँग मेन्यूत ठेवायचंच कशाला? बाहेर बघा काय हवा आहे." हवा होतीच. अशा दिवसांत इथली आर्द्रता ८५-९० टक्क्यांना जाते, आणि भाजलेली साखर ओल ओढते हे खरंच आहे. पण किचनमध्ये बिघडलेल्या प्रत्येक गोष्टीला पाऊस जबाबदार धरायची आमच्याकडे सवय झाली आहे. पाऊस कारण ठरला की पुढे कोणी काही तपासत नाही.

मला तपासता आलं ते एका तुटक्या चकतीमुळे. अठरापैकी एकीची कड मोडली होती. ती डब्यात नीट बसेना म्हणून मामांनी ट्रॉलीवरच, उघडी ठेवली होती. त्याच ओव्हनमधली, त्याच वेळी बाहेर काढलेली, आणि साडेपाच तास त्या दमट हवेत पडलेली. सगळ्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिचा लगदा व्हायला हवा होता. बोट लावलं तर वरून किंचित चिकट. मोडली तर मधोमध कट्कन आवाज आला. तुकड्यांसकट काट्यावर ठेवली: १६८ ग्रॅम. मग डब्यातल्या एकेक ठेवल्या. १७५, १७७, १७६, १७६.

बंद डब्यात बाहेरची हवा जात नाही. ते पाणी चकत्यांचं स्वतःचंच होतं. अडीचला त्या बाहेर आल्या तेव्हा पोटात ओल शिल्लक होती. उघड्या चकतीची वाफ गार होता-होता निघून गेली, नंतर तिने हवेतून थोडी ओल परत घेतली असेल, तरी ती १६८ वर थांबली. डब्यातल्यांची वाफ झाकणाला लागून परत त्यांच्यावरच उतरली. प्रत्येकीत बारा-तेरा ग्रॅम जास्तीचं पाणी. सतरा चकत्यांचा हिशोब केला तर दोनशे ग्रॅमच्या वर जातो. एक पेला पाणी आम्ही डब्यांत भरून ठेवलं होतं.

मॅनेजरांना काटा दाखवला. त्यांनी आकडे बघितले आणि विचारलं, "आता काय करणार ते सांगा."

ओली चकती टाकायची नसते. जाळीच्या ट्रेवर, पंख्याच्या ओव्हनमध्ये ९५ अंशांवर, चिकटलेली बाजू वर करून ठेवल्या. तापमान याहून वाढवलं नाही. दर वीस मिनिटांनी एक चकती काट्यावर. चाळीस मिनिटांनी १६९. तासाभराने १६५. सत्तर मिनिटांनी १६३, तेव्हा काढल्या, आणि या वेळी उघड्या जाळीवर एसीच्या खोलीत पूर्ण गार केल्या. रंग हस्तिदंतीवरून बिस्किटावर गेला होता. पंधरा चकत्या शाबूत, म्हणजे पाच केक. सहाव्यासाठी तीन नव्या करायला घेतल्या.

तिथे दुसरा घोळ झाला. हाताखालचा मुलगा घाईत होता, त्याने काजू भाजले आणि गरमच मिक्सरला लावले. मी बघितलं तेव्हा भांड्याच्या कडेला चकाकी आली होती. तरी त्याने ते फेसात घातलं, आणि दहाव्या हातालाच भांडं अर्ध्यावर आलं. रागावून उपयोग नव्हता. सकाळपासून त्याच्या कानावर 'लवकर, लवकर' एवढंच पडत होतं. दुसरे काजू भाजले, ट्रेवर पसरून वीस मिनिटं फ्रीझरला लावले, मिक्सरचं भांडंही सोबत. पीठ रव्यासारखं मोकळं पडलं. या चकत्या दीडला भाजून निघाल्या, बंद ओव्हनमध्ये साडेचारपर्यंत राहिल्या आणि १६६ वर थांबल्या. त्याहून वेळ नव्हता.

मॅनेजरांना केक बारा वाजताच रचून हवे होते, टेबल मोकळं व्हावं म्हणून. नऊला वाढायचा केक बाराला रचला तर नऊ तास मलईला लागून राहणार. याबाबतीत मी ऐकलं नाही. फिलिपिन्समध्ये सां रिव्हाल नावाचा काजू-मेरँगचाच थरांचा केक करतात, हवा आमच्यासारखीच दमट, पण त्यांचं भरण बटरक्रीमचं. बहुतेक लोणीच, पाणी थोडं. आमच्या ३५ टक्के स्निग्धांशाच्या क्रीममध्ये साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. यजमानांना हलकी मलई हवी होती, बटरक्रीम नको होतं, तेव्हा पाणी अडवण्याची सोय करणं आमचं काम होतं.

ती सोय म्हणजे व्हाइट चॉकलेट. ४० अंशांवर वितळवून मलईला लागणाऱ्या प्रत्येक बाजूवर ३५ ग्रॅम, ब्रशने, कडेपर्यंत. कुठे जागा सुटली तर नेमकी तिथून ओल शिरते. कोकोबटरचंच घ्यावं. स्वस्त कंपाउंडनेही, म्हणजे कोकोबटरऐवजी वनस्पती तेल घातलेल्या चॉकलेटनेही, पाणी अडतं, पण ते टाळूला मेणासारखं चिकटतं. चॉकलेट गोड, आंबा गोड, मेरँग तर साखरच. म्हणून मलईत साखर अजिबात घातली नाही. एका केकला ६०० मिलिलिटर क्रीम आणि १५० ग्रॅम चक्का, रात्रभर टांगलेला, फ्रिजमध्ये. चक्क्याने आंबटपणा येतो आणि मलई उभी राहते, जिलेटिन लागत नाही. पाहुण्यांत अंडं चालणारे पण जिलेटिन न चालणारे बरेच होते. चक्का ढिला असेल तर मात्र नंतर पाणी सुटतं. मुठीत दाबून थेंब येत नाही याची खात्री करूनच घ्यावा. वनस्पती तेलाच्या तयार टॉपिंगला या उकाड्यात काही होत नाही, म्हणून ते सगळीकडे वापरतात. मी वापरत नाही. आंब्याच्या शेजारी त्याची चव उघडी पडते.

मानकुराद पावसाआधी उतरवलेला मिळाला हे नशीब. पाऊस लागला की फळात पाणी भरतं आणि अळीची भीती असते, तेव्हा प्रत्येक फळ कापून आत बघूनच घेतलं. फोडी करून चाळणीवर चाळीस मिनिटं ठेवल्या. खाली जमलेला रस बाकीच्या गरात घालून आटवला, एक किलोचे सहाशे ग्रॅम होईपर्यंत, कोकणात बरणीत भरतात तसा. आटवलेला रस मलईच्या मधोमध, फोडीही मधोमध. फळ चकतीला लागता कामा नये.

पाच वाजता रचायला घेतले. सगळ्यात वरची चकती रचण्याआधीच करवती सुरीने बारा भागांत कापून घेतली आणि तुकडे परत गोलात मांडले. हे केलं नाही तर वाढताना वरचा थर फुटतो आणि मलई चहूबाजूंनी बाहेर येते. फाटलेल्या दोन चकत्यांचा आणि त्या तुटकीचा चुरा कडांना लावला.

सव्वानऊला कापले. मलईच्या बाजूने दोन-तीन मिलिमीटर नरम, त्यापलीकडे खुसखुशीत, आणि अगदी मधे किंचित चिवट. डॅक्वाज असाच असायला हवा, बिस्किटासारखा कडक नाही. सहाही केकांचा एकेक तुकडा मी बाजूला ठेवला होता. दोनदा वाळवलेल्या पाचांची चव सहाव्यापेक्षा खोल होती, भाजलेल्या काजूची. ताजा, फिकट सहावा त्यांच्यापुढे नुसता गोड लागला. मुद्दाम दोनदा वाळवून बघावं का, याचा विचार तेव्हापासून चालू आहे. सत्तर मिनिटांचा जास्तीचा ओव्हन मागायला गेलं तर कोणी देणार नाही.

अहवालात 'दमट हवेमुळे सकाळी नुकसान' एवढंच आहे. डॅक्वाज ऑक्टोबरपर्यंत मेन्यूतून काढला. मामांना कोणी बोललं नाही, पण त्यांना कळायचं ते कळलं. दुसऱ्या रात्री मी थांबून त्यांना काटा दाखवला, १६४ चा आकडा ओव्हनच्या दारावर कागदावर लिहून चिकटवला. हा कागद आदल्या रात्री लावायला हवा होता. ओव्हन त्यांना अडीचला लागतो हे मला माहीत होतं, आणि दोन मिनिटांचं काम होतं.

त्याच रात्री एक चकती त्यांच्या समोर पूर्ण वाळवली, गार केली आणि त्याच डब्यांपैकी एकात ठेवली. १६३ ग्रॅम. तेव्हापासून सोळा दिवस झाले, पाऊस थांबलेला नाही. आज झाकण उघडून वजन केलं. १६४.